उत्तरेच्या वसंताचे वेळापत्रक आणि आपली परसबाग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत येणारे परसबागेचे सदर मी अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या उत्तर टोकाकडील एका खेड्यात राहून इंटरनेटवर नियमाने वाचते. वसंतातील बागेच्या पूर्वतयारीविषयी अलीकडे त्यात ज्या सूचना आल्या, त्यांबद्दल थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. बी घरात रुजवावे, रोपे बाहेर लावण्याआधी आठवडाभर त्यांना उघड्या हवेची सवय करावी, वाफे जमिनीपासून उंच बांधावेत, मातीत लाकडाची राख मिसळावी, दक्षिणेकडची जागा निवडावी, ऑक्टोबरात गोळा केलेला पालापाचोळा कंपोस्टमध्ये घालावा, या सगळ्या सूचना खऱ्या आहेत आणि माझ्या गावात बाग करणारी बहुतेक माणसे त्या पाळतात. अडचण एवढीच की त्या माझ्या गावासाठी खऱ्या आहेत, आणि आपला बहुतेक वाचक पुणे, नाशिक, लातूर किंवा सावंतवाडीत राहतो. बागकामाविषयी इंटरनेटवर सहज सापडणारा बराचसा मजकूर न्यू इंग्लंड (व्हरमाँटसह अमेरिकेचा ईशान्य कोपरा), कॅनडा आणि ब्रिटन इथल्या लोकांनी आपापल्या हवामानासाठी लिहिलेला असतो. तो मराठीत येतो तेव्हा सूचना तेवढी येते आणि तिच्यामागचे कारण तिकडेच राहून जाते. ते कारण इथल्या वसंताची हकीकत सांगितल्याशिवाय स्पष्ट होणार नाही, म्हणून पत्र लांबले तर क्षमा असावी.

व्हरमाँटची उत्तर सीमा जवळजवळ ४५ अंश अक्षांशावरून, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या मध्यावरून जाते. या सीमेकडच्या ऑर्लीन्स, एसेक्स आणि कॅलेडोनिया या तीन काउंटींना, म्हणजे जिल्ह्यांना, मिळून ‘नॉर्थईस्ट किंग्डम’ असे नाव आहे आणि राज्यातली सर्वांत कडक थंडी याच भागात पडते. नोव्हेंबरात पांढरी झालेली जमीन एप्रिलमध्ये कुठे पुन्हा दिसू लागते, आणि तीही वरवरची, कारण खालची माती खोलवर गोठलेलीच असते. रात्रीचा पारा शून्याखाली गेला की कोवळी रोपे करपवणारे दहिवर पडते. वसंतातल्या शेवटच्या दहिवरापासून सप्टेंबरातल्या पहिल्या दहिवरापर्यंत जेमतेम चार महिने मिळतात, आणि उंचावरच्या वाड्यावस्त्यांना तेवढेही मिळत नाहीत. या अवधीत टोमॅटोचे बी थेट वाफ्यात पेरले, तर फळ लाल होण्याआधीच झाड थंडीने मरते. घरात बी रुजवण्याचा सगळा खटाटोप या एका कारणासाठी आहे. ज्या प्रदेशात टोमॅटो खरिपात, रब्बीत आणि पाण्याची सोय असेल तर उन्हाळ्यातही घेतला जातो, तिथे खिडकीच्या काचेआड रोपे वाढवण्याने ती केवळ उंच, किडकिडीत आणि लेचीपेची होतात.

याच ओघात अमेरिकी बियाण्यांच्या पाकिटांवर छापलेल्या ‘झोन’विषयी सांगायला हवे, कारण पुण्याचा झोन कोणता आणि नागपूरचा कोणता, असे प्रश्न आपल्या सदराला आलेले मी वाचले आहेत. अमेरिकी कृषी खात्याचा हा नकाशा २०१२ मध्ये आणि त्यानंतर २०२३ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाला. वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीचे सरासरी तापमान किती, एवढीच एक गोष्ट तो दाखवतो. आमचा भाग बव्हंशी चौथ्या झोनमध्ये येतो, म्हणजे हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र सरासरीने उणे २९ ते उणे ३४ अंश सेल्सिअस या दरम्यान असते. सफरचंदाचे किंवा गुलाबाचे अमुक वाण इथला हिवाळा सोसून पुढच्या वर्षी जिवंत राहील का, हे ठरवण्यासाठी ही माहिती मोलाची आहे. मात्र पेरणी कधी करावी, ऊन किती लागेल, पाऊस केव्हा येईल यांपैकी कशाचेही उत्तर त्या नकाशात नाही. ज्या गावात कधी काही गोठतच नाही, तिथल्या माणसाला तर त्याचा काडीइतकाही उपयोग नाही.

इथला वसंत कॅलेंडरवर सुरू होतो तो मार्चच्या पहिल्या मंगळवारी. त्या दिवशी राज्यभरातल्या गावांच्या वार्षिक सभा भरतात. आपल्याकडच्या ग्रामसभेचे हे इकडचे रूप म्हणता येईल, फरक इतकाच की रस्त्यावर खडी किती टाकायची आणि बर्फ उपसणारे यंत्र नवे घ्यायचे की जुनेच दुरुस्त करायचे, यांसारख्या खर्चांवर अनेक गावांत आजही लोक समोरासमोर बसून मत देतात. बाहेर कमरेएवढा बर्फ असला तरी याच सुमारास कांद्याचे आणि मिरचीचे बी घरातल्या ट्रेमध्ये पडते आणि टोमॅटोचे बी त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. दिवस लहान आणि ऊन तिरपे असल्यामुळे खिडकीतला उजेड पुरत नाही, म्हणून ट्रेवर दिवे टांगावे लागतात. मिरचीसाठी ट्रेखाली विजेची उबदार चटई अंथरावी लागते, कारण मिरचीचे बी गार मातीत रुजत नाही. नाशिकच्या गच्चीवर मार्चमध्ये या चटईचे काय करायचे, हे मला सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यांत मेपलच्या झाडांना रस सुटतो. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असे चक्र चालू असेपर्यंत रस वाहतो; सुमारे ४० गॅलन रस आटवला की १ गॅलन पाक मिळतो. अमेरिकेतल्या मेपलच्या पाकापैकी जवळजवळ निम्मा या एका लहानशा राज्यात होतो. फांद्यांवरच्या कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते आणि भट्ट्या थंड होतात. आपल्याकडच्या गुऱ्हाळांइतकीच गर्दी या भट्ट्यांवर असते, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

बागेच्या दृष्टीने त्यानंतरचा चिखलाचा काळ सर्वांत महत्त्वाचा, आणि बागकामाच्या लेखांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. इथले लोक त्याला गमतीने पाचवा ऋतू म्हणतात. व्हरमाँटमधले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे, म्हणजे माती आणि खडीचे आहेत. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये उन्हाने रस्त्याचा वरचा थर वितळतो, पण खालची माती अजून गोठलेली असल्याने वितळलेल्या पाण्याला खाली झिरपायला वाट नसते. ते वरच्या थरातच साचते आणि रस्त्याचा रबरबाट होतो. गाडीची चाके वीतभर खोल चाकोऱ्यांत रुततात, आणि एकदा त्या चाकोरीत गेलेली गाडी ट्रॅक्टरने ओढल्याशिवाय बाहेर येत नाही. शाळेची बस काही रस्त्यांवर आत येतच नाही, मुलांना डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडावे लागते. रस्ते उखडू नयेत म्हणून या काळात गावोगावी जड वाहनांना मनाईच्या पाट्या लागतात.

या एका गोष्टीवर बागेचे निम्मे वेळापत्रक ठरते. कंपोस्टचा किंवा शेणखताचा ट्रक मनाई उठेपर्यंत घरापर्यंत येऊ शकत नाही, त्यामुळे खत कितीही आधी ठरवले तरी ते मे उजाडल्यावरच पडते. पशुखाद्याच्या दुकानातून पेंढ्याच्या गासड्या आणायच्या, हार्डवेअरच्या दुकानातून खुरपे, नळी, कुंपणाची तार आणायची, टपाल कार्यालयात जायचे, ही कामे लोक सकाळी लवकर उरकतात, कारण रात्रीच्या थंडीने रस्ता पुन्हा गोठून कडक झालेला असतो आणि दहा-अकरा वाजल्यानंतर तोच रस्ता परतीला वाट देईल याची खात्री नसते. पेट्रोल पंप, दुकान, डॉक्टर सगळेच मैलोन्मैल दूर, म्हणून एका फेरीत पाच कामे करण्याची सवय प्रत्येकाला लागते. ‘जानेवारीतच बियाण्यांची यादी करा आणि मागणी नोंदवा’ अशी जी सूचना आपल्या सदरात आली होती, तिचे मूळ इथे आहे. बियाण्यांचे सचित्र कॅटलॉग डिसेंबर-जानेवारीत टपालाने घरी येतात, आणि जे मागवायचे ते तेव्हाच मागवले नाही तर ऐन हंगामात हवे ते वाण शिल्लक नसते व रस्ताही साथ देत नाही. ज्या वाचकाच्या घरापासून कृषी सेवा केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्याने जानेवारीत जूनचे बी घेऊन ते एप्रिल-मेच्या उष्म्यात पत्र्याच्या कपाटात ठेवण्यात नुकसानच आहे, कारण उष्णता आणि दमटपणा यांनी बियाण्याची उगवणक्षमता घटते.

वसंतातली बाकीची कामेही याच काही आठवड्यांत येऊन पडतात. कुत्र्याचा परवाना १ एप्रिलपर्यंत गावाच्या कार्यालयात नूतनीकरण करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला जोडावा लागतो. पुढच्या हिवाळ्याचे सरपण आताच फोडून रचावे लागते, नाहीतर ते वाळत नाही. ज्यांना कोंबड्या पाळायच्या असतात त्यांची एक दिवसाची पिल्ले टपालाने येतात. अमेरिकी टपाल खाते १९१८ पासून ही सेवा देते, आणि अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात शोषला गेलेला असल्यामुळे त्यावर ते प्रवासाचे दोन-तीन दिवस तगून राहते. पहाटे टपाल कार्यालयातून दूरध्वनी आला आणि मागे चिवचिव ऐकू आली, की आधी ते खोके आणायला जावे लागते, बाग मागाहून. मेच्या पहिल्या शनिवारी राज्यभर लोक हिरव्या पिशव्या घेऊन रस्त्याकडेचा कचरा उचलतात. बर्फाखाली हिवाळाभर दडलेल्या बाटल्या आणि डबे तेव्हा उघडे पडलेले असतात. १९७० पासून हा दिवस पाळला जातो आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे आणण्याजोगी इथली कोणती एक प्रथा असेल तर ती ही आहे.

जमीन मोकळी झाली म्हणजे लगेच कुदळ घालता येते असे नाही. इथली अनुभवी माणसे मूठभर माती दाबून बघतात. गोळा तसाच राहिला तर अजून थांबायचे, बोटाने टोकरल्यावर फुटला तर काम सुरू करायचे. वाफसा, म्हणजे मातीतला कामाजोगा ओलावा, पाहण्याची ही रीत निफाड तालुक्यातल्या माझ्या माहेरी आणि या खेड्यात अगदी एकच आहे. फरक असा की माहेरी वाफशाची वाट पावसानंतर पाहतात आणि इथे बर्फानंतर. उंच वाफ्यांचे प्रयोजनही यातूनच कळते. उंच वाफ्यातले पाणी लवकर निथळते आणि त्यातली माती सपाट जमिनीपेक्षा लवकर ऊब धरते, त्यामुळे इथल्या माणसाला वसंतात आठवड्या-दोन आठवड्यांचा फायदा होतो. आपल्याकडे गादीवाफा रोपवाटिकेसाठी आणि भर पावसात पाणी साचू नये म्हणून करतात, ते योग्यच आहे. परंतु मराठवाड्यात किंवा विदर्भात उन्हाळी भाजीसाठी लाकडी चौकटीचे हातभर उंच वाफे बांधणे म्हणजे माती चारही बाजूंनी तापवण्याची आणि वाळवण्याची व्यवस्था करणे होय. तिथे उन्हाळ्यात पाणी धरून ठेवणारा सपाट किंवा किंचित खोलगट वाफाच बरा. आच्छादनाचेही असेच आहे. इथे पेंढा जूनच्या मध्यापर्यंत पसरत नाहीत, कारण त्याने माती गारच राहते, आणि मिरची-टोमॅटोसाठी काळे प्लास्टिक अंथरतात ते माती तापावी म्हणून. आपल्याकडे पाचट किंवा पेंढा पहिल्या दिवसापासून हवा.

आता दहिवराकडे येते, कारण इथल्या बागेचे सगळे पंचांग त्याच्याभोवती फिरते. वाटाणा, पालक, मुळा यांना थोडी थंडी बाधत नाही, म्हणून ते एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी वाफसा येताच पेरतात. लसूण तर आदल्या ऑक्टोबरातच लावलेला असतो आणि बर्फ गेल्यावर पेंढ्यातून त्याचे कोंब वर आलेले दिसतात. बटाटा डँडेलियनची पिवळी फुले दिसली की लावावा आणि मका ओकचे पान खारीच्या कानाएवढे झाले की पेरावा, अशा जुन्या खुणा लोक अजूनही पाहतात. टोमॅटो, मिरची, काकडी, भोपळा यांच्यासाठी मात्र मेचा शेवटचा सोमवार, म्हणजे मृत सैनिकांच्या स्मरणाची राष्ट्रीय सुटी, हा टप्पा मानला जातो. त्याआधी रोपे बाहेर लावणारा माणूस उतावळा समजला जातो. या सावधपणाला कारण आहे. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यू इंग्लंडभर असा कडाका पडला की सफरचंदाचा मोहोर आणि द्राक्षवेलींचे कोवळे फुटवे एका रात्रीत करपून गेले आणि अनेक बागांचे वर्षाचे उत्पन्न बुडाले. तशा रात्रीचा इशारा आला की घराघरांतल्या जुन्या चादरी वाफ्यांवर जातात.

रोपांना आठवडा-दहा दिवस ‘बाहेरची सवय’ करण्याची पद्धत या सगळ्याचा शेवटचा भाग आहे. दिव्याखाली आणि उबदार घरात वाढलेले रोप वाऱ्याला, खऱ्या उन्हाला आणि रात्रीच्या गारठ्याला एकदम सामोरे गेले तर भाजते किंवा मोडते, म्हणून पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास असे करत ते बाहेर ठेवतात. पुण्यातल्या रोपवाटिकेतून आणलेले रोप मुळातच उघड्या हवेत किंवा शेडनेटखाली वाढलेले असते. त्याला थंडीची सवय करायची नसून, लावण्यापूर्वी काही दिवस पाणी थोडे तोडून काटक करायचे असते, आणि लागवड संध्याकाळी करायची असते. माझ्या माहेरच्या भागातले शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

एक गोष्ट मला इथे आल्यापासून गमतीची वाटत आली आहे. मेचा शेवटचा सोमवार २५ ते ३१ तारखांच्या दरम्यान येतो, आणि सूर्याचे रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते. म्हणजे ज्या दिवसांत आमच्या गावातली माणसे दहिवराची भीती संपली म्हणून टोमॅटो लावतात, त्याच दिवसांत महाराष्ट्रातला शेतकरी मृगाच्या पावसाची तयारी करत असतो. दोन्हीकडे मेअखेर हा लागवडीचा उंबरठा आहे, पण एकीकडे थंडी गेली म्हणून आणि दुसरीकडे पाऊस येणार म्हणून. ‘वसंतात पेरा’ हे वाक्य जसेच्या तसे उचलून मार्च-एप्रिलमध्ये पेरायला सांगितले, तर ती वेळ यांपैकी एकाही कारणात बसत नाही.

दक्षिणाभिमुख जागेचा सल्ला तर आपल्या वाचकांना सरळ तोट्यात नेणारा आहे. ४५ अंश अक्षांशावर सूर्य वर्षातल्या एकाही दिवशी डोक्यावर येत नाही. २१ जूनलाही तो माध्यान्ही दक्षिणेकडे झुकलेलाच असतो. घराची उत्तर बाजू सावलीत राहते आणि बर्फही तिथेच सर्वांत उशिरापर्यंत टिकतो, त्यामुळे इथली प्रत्येक बाग दक्षिणेकडे असते आणि उंच वाढणारी पिके वाफ्याच्या उत्तर टोकाला लावतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना शून्य सावलीचा दिवस ठाऊक आहे, आपण दरवर्षी त्याची बातमी छापता. पुण्यात तो मेच्या मध्यावर येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्या काळात दक्षिणेकडच्या गॅलरीत दुपारचे थेट ऊन येतच नाही, आणि उत्तरेकडची गॅलरी, जी ‘निरुपयोगी’ म्हणून आपल्या सदरात निकालात काढली गेली, तिला थोडे का होईना ऊन मिळते. उलट हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो तेव्हा दक्षिणेची गॅलरी मेथी, कोथिंबीर, पालक यांना उत्तम. पाकिटावरच्या ‘पूर्ण ऊन, किमान सहा तास’ या सूचनेचा अर्थही जागेप्रमाणे बदलतो. इथले सहा तासांचे ऊन माणसाला हवेहवेसे वाटते. एप्रिलमध्ये जळगावात सहा तास उघड्यावर ठेवलेल्या टोमॅटोची फुले उन्हाने गळून जातात, त्याला दुपारची सावली किंवा शेडनेट हवे.

राखेविषयी थोडक्यात लिहिते. इथल्या घरांत हिवाळाभर लाकडाच्या शेगड्या पेटत असल्याने वसंतात पत्र्याच्या डब्यांत राख भरपूर उरते, आणि इथली जंगलातली, पाऊस-बर्फाने धुपलेली माती आम्लधर्मी असते. राख अल्कधर्मी, त्यामुळे ती मिसळल्याने दोन्ही प्रश्न सुटतात, तरीही जाणते लोक आधी विद्यापीठाच्या विस्तार सेवेमार्फत माती तपासून घेतात. महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनी बहुतांशी आधीच अल्कधर्मी, अनेक ठिकाणी चुनखडीयुक्त आहेत. त्यांत राख आणि अंड्यांच्या टरफलांची पूड घालत राहिले तर लोह पिकाला मिळेनासे होते आणि पानांवर केवडा पडतो, म्हणजे ती पिवळी पडतात. कोकणातली जांभ्याची जमीन आम्लधर्मी असल्याने तिथे हा उपाय चालू शकेल. एकाच अंकात रत्नागिरीच्या आणि सोलापूरच्या वाचकाला एकच सल्ला देता येत नाही, तर व्हरमाँटचा सल्ला दोघांना कसा देणार?

कंपोस्टच्या बाबतीत इथला कायदा कौतुकास्पद आहे. २०१२ मध्ये संमत झालेल्या कायद्याने १ जुलै २०२० पासून स्वयंपाकघरातला ओला कचरा घरगुती कचऱ्यात टाकायला या राज्यात बंदी आहे. लोक तो परसात जिरवतात किंवा शनिवारी गावाच्या कचरा केंद्रावर वेगळ्या पिंपात नेऊन देतात. मात्र हिवाळ्यात परसातला ढीग गोठतो, कुजण्याची क्रिया थांबते, आणि एप्रिलमध्ये साचलेले सगळे एकदम वितळून वास सुटतो. नेमकी तेव्हाच अस्वले झोपेतून उठतात, म्हणून राज्याचे वन्यजीव खाते वसंत लागताच पक्ष्यांचे दाण्यांचे डबे उतरवायला सांगते आणि ढिगात मांस-मासे न टाकण्याची ताकीद देते. आपल्याकडे ढीग बारा महिने कुजतो, त्यामुळे ‘वसंतात ढीग उलटा’ या सूचनेला विशेष अर्थ नाही. पालापाचोळ्याचे तर वेळापत्रकच उलटे आहे. इथली झाडे ऑक्टोबरात निष्पर्ण होतात, आपली पानगळ मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमधली. पुण्याच्या रस्त्यांवर ज्या दिवसांत वाळलेल्या पानांचे ढीग पेटवले जातात, नेमके त्याच दिवसांत आपल्या सदराने ‘पाने गोळा करा’ असे ठळक अक्षरांत लिहायला हवे होते.

गांडुळांविषयीचा उलटा प्रकारही नोंदवण्याजोगा आहे, कारण सल्ला दोन्ही दिशांनी फसतो. महाराष्ट्रात गांडूळखत हे सेंद्रिय शेतीचे मोठे साधन आहे आणि ते तसेच राहावे. परंतु हिमयुगात उत्तरेकडचा हा सगळा प्रदेश बर्फाच्या जाड थराखाली होता, त्यामुळे इथल्या जंगलांत मूळची गांडुळे नाहीत. जी आहेत ती माणसांबरोबर नंतर आली. त्यांपैकी पूर्व आशियातून आलेली, हात लावताच वळवळून उसळणारी एक जात जंगलातला पानांचा थर इतक्या वेगाने खाऊन टाकते की त्यावर जगणारी रोपे उघडी पडतात. म्हणून इथल्या रोपविक्रीत आता कुंडीतली माती झटकून, मुळे धुऊन रोपे देतात. गांडुळे जंगलात सोडा, असा सल्ला भारतातल्या एखाद्या आप्ताने प्रेमाने दिला, तर तो इथे मानायचा नसतो.

शेवटी कांद्याविषयी लिहिल्याशिवाय निफाडच्या माणसाला राहवणार नाही. कांद्याचा गड्डा धरण्याचे काम दिवसाच्या लांबीवर चालते. इथे जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांच्या पुढे जातो, त्यामुळे इथली वाणे दिवस चौदा तासांच्या पुढे गेल्यावरच गड्डा धरायला लागतात. नाशिकमध्ये वर्षातला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतलाच असतो. तिथे या वाणांची पात भरघोस वाढेल, गड्डा मात्र कधीच धरणार नाही. उलट लासलगावच्या बाजारात येणारी आपली लहान दिवसांची वाणे इथे वसंतात लावली, तर रोप पेन्सिलीएवढेही जाड व्हायच्या आत गड्डा धरू लागते आणि हाती बोराएवढे कांदे येतात. तरीही दरवर्षी भारतात जायची वेळ आली की नातेवाइकांचे निरोप येतात, तिकडच्या कांद्याचे, तिकडच्या टोमॅटोचे बी आणा. पाकिटावरचे चित्र सुंदर असते हे खरे. पण भारतात बियाणे आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते सामानात लपवून नेणे बेकायदा आहे, आणि त्याबरोबर एखादा रोग आपल्या शिवारात गेला तर त्याची किंमत शेजारच्या शेतकऱ्यालाही मोजावी लागेल. राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी आपल्या दिवसमानाला जुळणारी वाणे खरीप, रांगडा (खरीप आणि रब्बी यांच्यामधला) आणि उन्हाळी या हंगामांसाठी काढलेली आहेत. परदेशी पाकिटांची छायाचित्रे छापण्याऐवजी त्या वाणांची माहिती आपल्या सदरात आली, तर गच्चीवर चार ओळी कांदा लावणाऱ्यालाही तिचा उपयोग होईल.

माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. परदेशी मजकुरावरून घेतलेली सूचना छापताना ती कोणत्या प्रदेशासाठी आणि कशासाठी लिहिली होती, हे त्याच जागी एका ओळीत द्यावे; ते देता येत नसेल तर सूचना छापू नये. आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशींवरून कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ यांच्यासाठी परसबागेची वेगवेगळी वेळापत्रके तयार करून ती रोहिणी लागण्यापूर्वीच्या एखाद्या अंकात प्रसिद्ध करावीत. खरिपाच्या भाज्यांची रोपे टाकायला वाचकांना तेवढा अवधी लागेल.

आपली नम्र,
एक वाचक
नॉर्थईस्ट किंग्डम, व्हरमाँट